चीनमधल्या मंडईत भाजी-मासळी कशी घ्यावी? (सूचौ आणि इतर शहरं)

ओवीगंध

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नुकतेच सूचौला राहायला आलोय. शांघायहून बुलेट ट्रेनने जेमतेम अर्धा तास. आमच्या सोसायटीमागच्या गल्लीत दुमजली मंडई आहे. इथे तिला त्सायशृछांग म्हणतात. खाली मासळी, मटण आणि टोफूचे गाळे, वर भाजी, फळं, लोणची. सकाळी तिथून नुसतं चालत गेलं तरी पिशवी भरावीशी वाटते, इतकी टवटवीत भाजी असते.

घरात मात्र दोन पक्ष पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, ॲपवर मागवली की अर्ध्या तासात दारात येते, निवडलेली असते, भाषेची कटकट नाही. माझं ठाम मत असं की ताजं अन्न हातात घेऊन, बघून, विचारूनच घ्यावं. पुण्यात मी मंडईतूनच भाजी आणायचे. इथे ते का सोडू?

तर जाणकारांनी सांगा: कधी जावं? वजन-भावाचं काय? मासळी कशी पारखावी? स्वच्छतेचं किती मनावर घ्यावं? आणि महत्त्वाचं म्हणजे श्रावणात सासूबाई येताहेत, त्या शाकाहारी आहेत आणि उपासही करतात. त्यांच्यासाठी काय काय मिळेल?

तिरफळ

ओवीगंध, तुमच्या पक्षात मी. ग्वांगचौ आणि शेनचेन मिळून बरीच वर्षं काढली आहेत, मूळ गाव मालवण. त्यामुळे मासळीवर बोलतो, भाजीवर इतर बोलतील.

सकाळी साडेसहा-सातला जा. त्या वेळी गर्दी असते ती आजी-आजोबांची. ते ज्या गाळ्यावर थांबतात तिथे थांबा, निम्मं काम झालं. गोड्या पाण्यातले मासे टाकीत जिवंत असतात. तळाशी सरळ उभा राहून कल्ले संथ हलवणारा मासा घ्यावा. वर येऊन तोंड उघडबंद करणारा दमलेला असतो. बोट दाखवलं की विक्रेता जाळीने काढतो, डोक्यात एक ठोका, खवले, पोट, कल्ले साफ, दोन मिनिटांत पिशवीत. साफ करायचे वेगळे पैसे नाहीत. नुकताच मेलेला मासा बाजूला बर्फावर स्वस्तात ठेवलेला असतो. त्याच दिवशी शिजवणार असाल तर तोही वाईट नसतो.

तिथला रोजचा मासा म्हणजे आपला गवत्या, चंदेरा, सायप्रिनस. हो, तेच! आपल्याकडच्या तळ्यांत आणि शेततळ्यांत सोडतात ते गवत्या-चंदेरा मूळचे चीनचेच. काटे भरपूर असतात, त्यामुळे मुलांना देताना पोटाकडचा भाग द्या.

आता खरी बातमी. बोंबील मिळतात! ग्वांगतोंग, फूच्येन आणि चच्यांगच्या किनाऱ्यावर ओले बोंबील नेहमीचे. दक्षिणेत पीठ लावून कुरकुरीत तळतात, वर मीठ-मिरीची पूड. चच्यांगमध्ये खारवलेल्या पाल्याबरोबर पातळ सूप करतात. सूचौ तिथून लांब नाही, सकाळी लवकर गेलात तर समुद्री मासळीच्या गाळ्यावर दिसतील. अंग चकचकीत आणि तोंड गुलाबी असेल तरच घ्या. दुपारपर्यंत त्यांचं पाणी होतं, हे कोळणींना सांगायला नको.

अनुस्वार

ओले बोंबील चीनमध्ये!! हे वाचून दिवस सत्कारणी लागला.

मापटं_चिपटं

वजनाचं सांगतो, कारण नवा माणूस इथेच गोंधळतो.

पाटीवर लिहिलेला भाव किलोचा नसतो, चिनचा असतो. मुख्य भूमीवर १ चिन म्हणजे बरोबर ५०० ग्रॅम आणि १ ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम. पण हाँगकाँगला गेलात तर तिथला चिन जुन्या मापाचा, साधारण ६०५ ग्रॅम. तैवानमध्ये ६०० ग्रॅम. त्यामुळे तीन ठिकाणचे भाव सरळ एकमेकांशी ताडून बघू नका. महाग मासळी, झिंगे, औषधी मुळ्या यांचा भाव कधी कधी ल्यांगमध्ये लिहितात. आकडा लहान बघून हुरळून जायचं नाही, दहाने गुणायचं.

वजनात मारामारी असतेच. बहुतेक मंडयांत दाराशी किंवा कार्यालयाजवळ सार्वजनिक काटा ठेवलेला असतो, कुणीही पिशवी नेऊन वजन पडताळून बघावं. त्याचा संकोच करू नका, तिथल्या आज्या बिनधास्त करतात. छेडछाड केलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यांना तिकडे 'भुताचा काटा' म्हणतात आणि बाजार-नियंत्रण खातं त्यावर धाडी घालतं. एक सोपी युक्ती: आपला मोबाइल किती ग्रॅमचा ते माहीत असतं. तो काट्यावर ठेवून बघायचा.

शरदात खेकडे निघतील तेव्हा दोरीकडे लक्ष द्या. काही जण जाड, ओली दोरी गुंडाळतात आणि तिचंही वजन खेकड्याच्या भावाने लावतात. बारीक दोरा बांधलेले घ्या. तिथला नियम असा की चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात मादी, दहाव्यात नर. आधी मादीची गाभोळी भरते, मग नर भरतो.

हिरवा_माठ

ओवीगंध ताई, शाकाहारी घर म्हणून मी सांगते. आम्ही शाओशिंगजवळ खछ्याओला राहतो, यजमानांचा कापडाचा व्यवसाय. इथे भारतीय व्यापारी पुष्कळ, म्हणून तूरडाळ-मसाले दुकानात मिळतात. पण भाजी मी मंडईतूनच आणते.

तुम्हाला ओळखीचं इतकं दिसेल की परदेशात आहोत असं वाटणार नाही. लाल माठ (शिजवला की पाणी गुलाबी होतं, मुलं त्यात भात कालवून खातात), नाळीची भाजी, चवळीच्या हातभर शेंगा, कारली, घोसाळी, दोडके, कोहळा. कोहळ्याची हवी तेवढी चकती कापून देतात, आख्खा घ्यावा लागत नाही. कोथिंबीर बारमाही. अळकुड्या मिळतात, अळूची पानं मात्र मला कधी दिसली नाहीत. कढीपत्त्याची आशा सोडा, कुंडीत लावा.

टोफूच्या गाळ्यावर मात्र वेळ काढून उभ्या राहा. मऊ, घट्ट, तळलेला, धुरावलेला, कापडासारख्या पातळ चादरी, सुकवलेल्या साईच्या गुंडाळ्या, मोड आलेले मूग आणि सोयाबीन, सगळं एका ठिकाणी. पहाटे केलेला घट्ट टोफू अजून कोमट असतो. तो हळद-मीठ लावून तव्यावर परतला की सासूबाईंना पनीरची आठवण होणार नाही. वूशीकडचे गव्हाच्या चिकाचे तळलेले पोकळ गोळे असतात, ते रश्श्यात टाका, रस छान पितात.

एक सावधगिरी. तयार लोणची, सारणाची पावं, तळलेल्या पुऱ्या घेताना विचारा. डुकराची चरबी सर्रास असते आणि 'भाजीचं' म्हणून सांगितलेल्या पदार्थातही असू शकते.

सह्यकडा

सगळं छान आहे, पण एक विचारतो, राग मानू नका. २०२० मध्ये वूहानमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं. ओल्या फरशा, उघड्यावर मटण, शेजारी जिवंत कोंबड्या. लहान मूल घरात असताना तिथे का जायचं? सीलबंद पाकिटातलं घ्यावं. ताजेपणाच्या नावाखाली धोका पत्करण्यात मला शहाणपण दिसत नाही.

वैद्यबुवा_हूपे

@सह्यकडा, राग कशाला? प्रश्न रास्त आहे. मी एमबीबीएस हूपेमध्येच केलं, वूहान हीच आमची प्रांताची राजधानी. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वूहानचा तो हुआनान बाजार १ जानेवारी २०२० ला बंद केला. तो मोठा घाऊक मासळीबाजार होता आणि त्यात काही गाळ्यांवर जंगली प्राणी विकले जात. ओवीगंध यांच्या सोसायटीमागची मंडई हा प्रकारच निराळा. रोजच्या भाजी-मासळीच्या बहुसंख्य मंडयांत असे प्राणी नव्हतेच. २४ फेब्रुवारी २०२० ला तिथल्या संसदेच्या स्थायी समितीने जमिनीवरचे जंगली प्राणी खाणं आणि खाण्यासाठी त्यांचा व्यापार करणं यांवर बंदी आणली.

कोंबड्यांचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे आणि तो कोविडच्या फार आधीचा आहे. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ बर्ड फ्लूने १८ जण आजारी पडले, ६ दगावले, तेव्हा तिथल्या १० लाखांहून जास्त कोंबड्या मारल्या. २०१३ च्या वसंतात एच७एन९ आला तेव्हा शांघायने जिवंत कोंबड्यांची विक्री थांबवली. २०२० मध्ये सरकारने जिवंत कोंबडीबाजार टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं धोरण जाहीर केलं. म्हणून माझा सल्ला: जिथे जिवंत कोंबड्या-बदकं पिंजऱ्यात दिसतील तो भाग मुलांना घेऊन टाळा, कापलेली थंड कोंबडी घ्या.

ओल्या फरशीची भीती वाटण्याचं कारण नाही. बर्फ वितळतो, टाक्यांचं पाणी सांडतं, आणि गाळे धुतात म्हणून ती ओली असते. मी विद्यार्थी असताना मंडईत शिरलो की आधी भिंतीवरचा फलक बघायचो. कीटकनाशकांच्या झटपट चाचणीचे त्या दिवशीचे निकाल त्यावर लावलेले असतात: गाळा क्रमांक, भाजी, उत्तीर्ण की नाही. ज्या मंडईत फलकावर जुनी तारीख दिसेल तिथून पालेभाजी घेऊ नये.

सह्यकडा

@वैद्यबुवा, एवढं नीट लिहिल्याबद्दल आभार. फलकाचं ठाऊक नव्हतं. तरी मुलांदेखत मासा मारणं मला पटत नाही, हे माझं मत कायम.

तिरफळ

@सह्यकडा, मला उलट वाटतं. ताटातला मासा कुठून येतो हे मुलाला कळावं. आमच्याकडे पोरं होडीवरच वाढतात. पण ज्याचं त्याचं घर.

बाप्पा_मोरया

अवांतर: जिवंत मासा आणि ॲपवरचं पाकीट यांत फरक काय तर पाकीट शेपटीने पाणी उडवत नाही. बाकी चालू द्या.

व्हिक्टोरिया_शिखर

हाँगकाँगहून. इथल्या बाजारात मटण-मासळीवर लाल छत्रीचे दिवे टांगलेले असतात. त्या उजेडात सगळंच लालबुंद आणि ताजं दिसतं. म्हणून मी नेहमी मासा दिव्याखालून बाजूला घेऊन, दिवसाच्या उजेडात कल्ला उचलून बघते. मुख्य भूमीवर मात्र १ डिसेंबर २०२३ पासून असा फसवा उजेड पाडणाऱ्या दिव्यांवर बंदी आहे. तुमच्या मंडईत अजून गुलाबी दिवे दिसले तर तो गाळा सोडा, सरळ पुढे जा.

पिवळ्या क्रोकरबद्दलही सांगते (आपल्या घोळीच्या कुळातला मासा, चीनमध्ये फार मानाचा). स्वस्त माशाला पिवळा रंग चढवून विकल्याच्या घटना तिथे गाजल्या आहेत. गिऱ्हाइकं टिश्यूने अंग पुसून बघतात. टिश्यू पिवळा झाला तर नको.

घोळीवरून आठवलं, शंगवानच्या सुक्या मासळीच्या रस्त्यावर माशांचे फुगे, म्हणजे आपण ज्याला भोत म्हणतो ते, काचेच्या कपाटात दागिन्यांसारखे मांडलेले असतात. आपल्या किनाऱ्यावर घोळ सापडली की कोळीवाड्यात आनंद का होतो ते इथल्या किमती बघून समजतं.

मालवणचो_झील

@व्हिक्टोरिया_शिखर, बरोबर. आणि आमची बळा-वाकटी तर गोठवून कंटेनरच्या कंटेनर चीनला जाते. इथे जो मासा आपण सुकवतो किंवा कमी भावात घालवतो, तो तिकडे घराघरात तुकडे करून तळतात नाहीतर सोया-साखरेच्या रसात मुरवतात. सूचौच्या बाजारात चंदेरी पट्ट्यासारखा मासा दिसला तर ओळखा. आपल्याच समुद्रातून आलेला असू शकतो.

@तिरफळ, तुमचं नाव बघून विचारतो: तिकडे तिरफळं मिळतात?

तिरफळ

@मालवणचो_झील, वाट बघत होतो या प्रश्नाची! तिकडची हुआज्याओ, म्हणजे सछ्वानची मिरी, ही आपल्या तिरफळाची चुलत बहीण, एकाच वंशातली झाडं. जिभेला तीच मुंगी येते, पण सुवास जास्त लिंबाळ. मसाल्याच्या गाळ्यावर लाल आणि हिरवी दोन्ही मिळतात. बांगड्याच्या तिखल्यात हिरवी घालावी, चार-पाच दाण्यांपेक्षा जास्त नको, बिया काढून टाकायच्या. लाल मला कोकणी रश्श्यात चढते. आंबटाला कोकम मात्र घरूनच न्या.

उत्तरायण

दक्षिणवाले सगळे रंगलेत, जरा उत्तरेकडेही या. मी आधी थाययुआन (शानशी), मग बीजिंग.

शानशीत धान्याच्या गाळ्यावर ज्वारीचं पीठ मिळतं! तिकडे लाल ज्वारी पिकते. बरीचशी दारूच्या भट्टीत जाते, पण घरात पिठाचे हाताने वळलेले शेवयांसारखे पदार्थही करतात. रंगाने गडद, चवीला किंचित तुरट. उकळत्या पाण्यात मळून भाकरी थापली तर होते, कडा चिरतात तेवढंच. राळे म्हणजे 'छोटा तांदूळ', तो तर सगळीकडे, रोज सकाळी त्याची पेज पितात. तीळ डोळ्यांदेखत दगडी जात्यात दळून देतात.

बीजिंगला असाल तर दूतावासांच्या भागातली सानयुआनली मंडई बघाच. एका लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना गाळे. गवती चहा, पुदिना, परदेशी भाज्या, सगळं तिथे. भाव मात्र वसूल करून घेतात.

आमच्या घरमालकीणबाई सांगायच्या ते लिहितो, कारण त्याशिवाय तिथल्या माणसांचं भाजीवरचं प्रेम समजत नाही. पूर्वी हिवाळ्यात बीजिंगमध्ये हिरवं म्हणून काही मिळायचं नाही. नोव्हेंबरात कोबीचे ट्रक यायचे (लांबट पांढरा कोबी), माणसं रांगा लावून शेकडो चिन घ्यायची आणि जिन्यात, गॅलरीत, खिडकीखाली रचून वर जुन्या रजया घालायची. वसंतापर्यंत तोच कोबी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पीक इतकं आलं की कोबी घेणं हे देशभक्तीचं काम असल्याचं सांगितलं गेलं. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, सरकारने 'भाजीची टोपली' योजना सुरू केली आणि पुढे शहरातल्या भाजीपुरवठ्याची जबाबदारी थेट महापौरावर टाकली. बीजिंगचा शिनफादी घाऊक बाजारही १९८८ चाच. जानेवारीत हिरवीगार पालेभाजी दिसते ती या सगळ्यामुळे. बाई आजही बाजारात गेल्या की आधी कोबीवर हात ठेवून बघतात, घ्यायचा नसला तरी.

ओवीगंध

अरे वा, किती माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी सातला गेले होते. फलक पाहिला, तारीख आजचीच होती. लाल माठ आणि कोमट टोफू आणला. बोंबील दिसले नाहीत.

दोन अडचणी. एक, विक्रेत्या काकू भाव बोटांनी सांगतात आणि तोंडाने सूचौची बोली. मला शाळेतलं चिनीसुद्धा धड येत नाही. दोन, मी नोट काढली तर त्यांना सुटे शोधायला शेजारच्या गाळ्यावर जावं लागलं.

मापटं_चिपटं

@ओवीगंध, बोटं एका बैठकीत शिकाल. पाचपर्यंत आपल्यासारखंच. सहा: अंगठा आणि करंगळी ताठ, बाकी मिटलेली. सात: अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची टोकं जुळवलेली. आठ: अंगठा आणि तर्जनी फाकवलेली (आपल्याला दोन वाटतात, तिथेच घोळ होतो). नऊ: तर्जनी आकड्यासारखी वाकवलेली. दहा: मूठ, किंवा दोन तर्जन्यांची फुली.

बोलायला 'दुओशाओ छ्येन यी चिन?' (चिनला किती?) एवढं पुरे. तरी नाही कळलं तर त्या मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवतात.

पैसे अलीपे किंवा वीचॅटने द्या. गाळ्यावर टांगलेला क्यूआर कोड स्कॅन केला की छोटा स्पीकर 'अमुक युआन जमा' असं ओरडतो, अगदी आपल्याकडच्या भाजीवाल्यासारखं. सासूबाईंसारख्या पाहुण्यांनाही २०२३ पासून परदेशी कार्ड जोडणं सोपं झालंय, २०० युआनच्या आतल्या खरेदीवर जादा आकार नाही. छोट्या विक्रेत्याच्या खाजगी कोडवर परदेशी कार्ड कधी कधी चालत नाही, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. रोख नाकारणं तिथे बेकायदा आहे.

घासाघीस भाजीत फारशी करू नका. एकूण २१.४ युआन झाले तर २१ द्या म्हणण्यापुरती असते, आणि ती त्या स्वतःच करतात.

हिरवा_माठ

आणि कांद्याची पात! नेहमीचं गिऱ्हाईक झालं की पिशवीत दोन काड्या पात फुकट टाकतात. आपल्याकडे कोथिंबीर-मिरची टाकतात तशी.

अनुस्वार

आपल्याकडे आता कोथिंबीर मागितली तर भाजीवाल्या मावशी "दहाची घ्या" म्हणतात.

सिंगापुरी_सांज

सिंगापूरच्या तेका मार्केटला या. भारतीय भाजीवाला आणि चिनी मासेवाला शेजारी शेजारी, चिनी काका तमिळमध्ये भाव सांगतात. कढीपत्ता मिळतो.

पाऊसपाणी

युन्नानचा उल्लेख कसा नाही? खुनमिंगची च्वानशिन मंडई म्हणजे माझ्या मते साऱ्या देशात सरस. जून ते सप्टेंबर रानातल्या अळंब्यांचा हंगाम. टोपल्यांमध्ये शेवाळ आणि माती लागलेल्या, पिवळ्या, काळ्या, जांभळट. चिंचही मिळते तिथे, आणि खायची फुलं.

पण एक सांगून ठेवते. 'च्येनशौछिंग' म्हणून अळंबी आहे, कापली की क्षणात निळी पडते. नीट शिजली नाही तर माणसाला भास होतात. दर पावसाळ्यात लोक इस्पितळात जातात. अमेरिकेच्या तेव्हाच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी जुलै २०२३ मध्ये बीजिंगच्या एका युन्नानी हॉटेलात ती खाल्ली तेव्हा जगभर बातमी झाली. त्यांना काही त्रास झाला नाही, व्यवस्थित शिजवलेली होती. घरी मात्र अनोळखी अळंबी आणू नये. तिथल्या आज्या शिजवतात ती त्यांच्या आज्यांनी शिकवलेली असते.

जुने_जाणते

ॲप विरुद्ध मंडई हा मूळ मुद्दा बाजूलाच राहिला, म्हणून लिहितो. ॲपवाल्यांचा माल वाईट नसतो. अलीबाबाचं 'हमा' २०१६ पासून आहे, 'तिंगतोंग' २०१७ पासून. आजारी माणसाला, नोकरदाराला त्यांचा आधार वाटतो. पण २०२० च्या अखेरीस बड्या कंपन्या तोट्यात भाजी विकून गल्लीतला बाजार गिळायला निघाल्या, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या 'पीपल्स डेली' या वर्तमानपत्रानेच त्यांना सुनावलं की कोबीच्या चार गड्ड्यांवर डोळा ठेवू नका, विज्ञानात काही करून दाखवा.

मंडईतला गाळेवाला रात्री दोन-तीनला घाऊक बाजारात जातो. बहुतेक जण दुसऱ्या प्रांतातून आलेले, नवरा-बायको दोघं मिळून गाळा चालवतात, पोरं तिथेच मागे खोक्यावर गृहपाठ करतात. आपण गेलो नाही तर तो गाळा बंद होतो आणि तिथे दुधाच्या चहाचं दुकान येतं. मला याची फार हळहळ वाटते. नूतनीकरणही सांभाळून व्हावं. शांघायच्या वूचुंग मंडईत २०२१ मध्ये प्राडा या उंची फॅशन ब्रँडने भाजी आपल्या छापील कागदात गुंडाळून दिली. तरुण मंडळी फोटोसाठी आली, रांगा लागल्या. तरुण मंडईत आले याचा आनंद आहे, पण रोजचं गिऱ्हाईक वेगळं. तुमच्या सूचौतली श्वांगथा मंडई २०१९ मध्ये नव्याने बांधली. तिथे खाण्याचे स्टॉल वाढले तरी भाजीचे गाळे राखले, हे चांगलं केलं.

सह्यकडा

@जुने_जाणते, हा मुद्दा मात्र मनाला पटला.

कमळतळं

सूचौत पाच वर्षं होते, आणि इतक्या प्रतिसादांत सूचौची खरी दौलत कुणी काढलीच नाही! ओवीगंध, तुमचं गाव पाण्यातल्या आठ पिकांसाठी प्रसिद्ध आहे. कमळाचे कंद, शिंगाडे, च्याओपाय (एका रानभाताच्या जातीचा फुगलेला, पांढरा, कोवळा दांडा), पाण्यातली अजमोदा, आणि या सगळ्यांची राणी म्हणजे चीथोउमी. ही चीथोउमी म्हणजे ताजा मखाना.

आपण भाजलेल्या पांढऱ्या लाह्या खातो ना, तेच बी, पण ओलं आणि कोवळं. साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर हंगाम, म्हणजे श्रावण ते नवरात्र. जुन्या शहराच्या पूर्वेला फंगमन हंगच्ये नावाची बाजारगल्ली आहे, तिथे जा. दाराशी बुटक्या स्टुलांवर बायका बसलेल्या असतात, अंगठ्याला धातूचं नख चढवलेलं. तपकिरी कवचाला नख लावून दाबतात, टक् आवाज होतो, आतून मोत्यासारखा दाणा पाण्याच्या भांड्यात पडतो. दिवसभर तेच. कवच कठीण, दाणा नाजूक, जरा जोर जास्त झाला की फुटतो. म्हणून भाव चढा असतो आणि तो योग्यच आहे. घासाघीस करू नका. यंत्राने सोललेले स्वस्त मिळतात, पण त्यांच्या अंगावर ओरखडे असतात.

उपासाला ताजे शिंगाडे उकडून, रताळी, शेंगदाणे हेही मिळेल. पांढऱ्या लांब कंदाला (आपल्या कोनफळाचा नातेवाईक) सोलताना हातमोजे घाला, खाज सुटते. साबुदाणा म्हणून तिथे जे मोती मिळतात ते भिजवले की विरघळतात, खिचडी होत नाही. तो घरून आणायला सांगा.

हिरवा_माठ

ताजा मखाना! इतकी वर्षं इतक्या जवळ राहून मला कुणी सांगितलं नाही. पुढच्याच रविवारी निघतेय.

बाप्पा_मोरया

पण ओला मखाना उपासाला चालतो का? यावर स्वतंत्र धागा काढावा, पाचशे प्रतिसाद नक्की.

कमळतळं

@बाप्पा_मोरया, सुका चालतो तर ओल्याने काय घोडं मारलंय? पाण्यात उगवलेलं बी आहे, धान्य नव्हे. माझ्या आईने खाल्ला.

ओवीगंध

कमळतळं, तुम्ही तर माझा श्रावण सोपा केलात! नवऱ्याला हा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, शनिवारी फंगमनला मीही येतो. ॲप ठेवू, पावसापाण्याला लागेल, पण रोजची भाजी आणि मासळी मंडईतूनच, हे आता घरात ठरलं.

एकच शेवटचं विचारते: सासूबाई येईपर्यंत मखाना टिकवायचा कसा? आणि शिजवायचा किती?

कमळतळं

एका वेळेपुरता दाणा छोट्या पिशवीत घाला, दाणे बुडतील एवढं पाणी ओता, हवा काढून गाठ मारा आणि फ्रीझरमध्ये टाका. पाण्याशिवाय गोठवलात तर कोरडा पडतो. वर्षभर राहतो. शिजवताना आधी पाण्याला खळखळून उकळी आणा, थोडी साखर, मग दाणे घालून एक-दोन मिनिटं, बस. जास्त उकळला की रबरासारखा होतो. खाली उतरवून वर सुकी ओस्मान्थसची फुलं भुरभुरायची, ती त्याच गल्लीत बरणीत मिळतात. सासूबाईंसाठी साखरेऐवजी गूळ घातलात तरी चालेल, फक्त रंग बदलेल.

शनिवारी आठच्या आत पोचा. नंतर तिथे चालायला जागा नसते.